श्रद्धेचा दावा आणि पुराव्याची कसोटी : मॉर्मन धर्मग्रंथांच्या ऐतिहासिकतेची चिकित्सा

प्रस्तावना

धर्म आणि विज्ञान यांच्यातील वाद बहुधा ईश्वराचे अस्तित्व, आत्म्याचे अमरत्व अशा प्रश्नांभोवती फिरतो. या प्रश्नांची शहानिशा उत्खननाने किंवा प्रयोगशाळेत होत नाही. त्यामुळे वाद अनिर्णित राहतो आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी सुरक्षित असतात. मॉर्मन परंपरेचे प्रकरण मात्र वेगळे आहे. जोसेफ स्मिथ (१८०५-१८४४) यांनी १८३० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या परंपरेचे अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. २०१८ साली चर्चच्या नेतृत्वाने 'मॉर्मन' या नावाऐवजी हे पूर्ण नाव वापरावे, असे आवाहन केले. अभ्यासाच्या क्षेत्रात रूढ असल्याने येथे 'मॉर्मन' हीच संज्ञा योजली आहे.

या परंपरेचा पायाभूत ग्रंथ 'बुक ऑफ मॉर्मन' केवळ नीतीचा उपदेश करत नाही, तर इतिहास सांगतो. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० च्या सुमारास लेही नावाचा पुरुष आपल्या कुटुंबासह जेरुसलेम सोडून समुद्रमार्गे अमेरिका खंडात पोहोचला. त्याच्या वंशजांची नेफाइट आणि लेमनाइट अशी दोन कुळे झाली. पुनरुत्थानानंतर येशू ख्रिस्ताने त्यांना दर्शन दिले. आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस नेफाइटांचा युद्धात विनाश झाला, असे हे कथानक आहे. ते सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेले होते, देवदूताने पत्र्यांची जागा दाखवली आणि दैवी साहाय्याने आपण त्यांचा अनुवाद केला, असे स्मिथ यांचे प्रतिपादन होते. या दाव्यात स्थळ, काळ, लोकसमूह आणि लिपी या चारही गोष्टी आहेत. ज्या दाव्यात या गोष्टी असतात, त्याची तपासणी करण्याचा अधिकार इतिहासाला आपोआप प्राप्त होतो. ही तपासणी कुठवर जाते, ती कुठे थांबते आणि तिला परंपरेने दिलेली उत्तरे कोणत्या स्वरूपाची आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ग्रंथातील अंतर्गत पुरावा

कोणत्याही प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या संहितेची पहिली परीक्षा संहितेतच होते. 'बुक ऑफ मॉर्मन'मध्ये बायबलच्या जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथातले अनेक अध्याय समाविष्ट आहेत. त्यांपैकी ४८ ते ५४ या अध्यायांतील मोठा भाग बायबलच्या बहुसंख्य अभ्यासकांच्या मते बॅबिलोनमधील बंदिवासाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्यास रचला गेला. लेहीचे कुटुंब त्यापूर्वीच जेरुसलेम सोडून गेले होते. मग हे अध्याय त्यांच्याजवळ कसे आले? दुसरी बाब भाषेची आहे. हे उतारे १६११ सालच्या किंग जेम्स इंग्रजी बायबलच्या शब्दयोजनेशी मोठ्या प्रमाणात जुळतात. त्या बायबलात मूळ हिब्रूत नसलेले, अनुवादकांनी अर्थपूर्तीसाठी घातलेले शब्द तिरप्या ठशात छापलेले असतात. 'बुक ऑफ मॉर्मन'मधील पाठभेद लक्षणीय प्रमाणात नेमके या शब्दांभोवती आढळतात. पत्र्यांवरील प्राचीन मजकुराचा स्वतंत्र अनुवाद होत असता, तर छापील इंग्रजी प्रतीच्या मुद्रणविशेषाशी त्याचा संबंध येण्याचे कारण नव्हते.

समर्थकांची बाजूही येथे नोंदवली पाहिजे. जॉन वेल्च यांनी १९६७ साली या ग्रंथातील व्यत्यासरचना, म्हणजे विधाने एका क्रमाने मांडून पुन्हा उलट क्रमाने गुंफण्याची हिब्रू वाङ्मयातील पद्धत, दाखवून दिली. या निरीक्षणाचे मूल्य नाकारता येत नाही. तथापि किंग जेम्स बायबलवर ज्याचे कान घडले आहेत, अशा कथनकाराच्या मुखीही ही रचना सहज येऊ शकते. त्यामुळे या पुराव्यातून प्राचीनतेचा संभव सूचित होतो. प्राचीनता सिद्ध होत नाही.

२. पुरातत्त्वाची साक्ष

ग्रंथात घोडे, रथ, पोलाद आणि गहू यांचे उल्लेख आहेत. अमेरिका खंडातील घोडे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाले आणि पुढे स्पॅनिश लोकांनी ते पुन्हा आणले, हे सर्वमान्य आहे. या विसंगतीची जाणीव बाहेरच्या टीकाकारांइतकीच परंपरेच्या आतही होती. चर्चचे वरिष्ठ नेते आणि इतिहासकार बी. एच. रॉबर्ट्स यांनी १९२१-२२ मध्ये या अडचणींचा सविस्तर अभ्यास करून तो सहकाऱ्यांपुढे ठेवला. ईथन स्मिथ या धर्मोपदेशकाच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्ह्यू ऑफ द हिब्रूज' या पुस्तकाशी असलेली साम्येही त्यांनी तपासली. अमेरिकेतील मूलनिवासी हे इस्राएलचे वंशज आहेत, ही कल्पना त्या काळी प्रचलित होती, हे या पुस्तकावरून कळते. रॉबर्ट्स यांचा हा अभ्यास त्यांच्या हयातीत प्रकाशित झाला नाही. तो १९८५ साली ग्रंथरूपाने आला.

१९५२ साली थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन यांच्या पुढाकाराने 'न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. ग्रंथाला उत्खननाचा आधार मिळेल, अशी फर्ग्युसन यांची खात्री होती. मेक्सिकोतील चियापास भागात संस्थेने केलेले काम मध्य अमेरिकेच्या प्राचीन इतिहासासाठी मोलाचे ठरले. परंतु नेफाइटांचा मागमूस लागला नाही आणि स्वतः फर्ग्युसन यांचा विश्वास डळमळला. ज्याने सिद्ध करण्यासाठीच खोदकामाचा आग्रह धरला, त्यालाच पुरावा न सापडणे ही गोष्ट विरोधकाच्या शंभर आक्षेपांपेक्षा अधिक बोलकी आहे.

येथेही समतोल आवश्यक आहे. ग्रंथात अरबस्तानातील प्रवासात 'नाहोम' नावाच्या जागेचा उल्लेख येतो. येमेनमधील मारिब येथे उत्खननात मिळालेल्या आणि इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या वेदींवर याच व्यंजनांचे जमातवाचक नाव आढळले आहे. तसेच अमेरिकेत कोलंबसपूर्व काळी जवाची एक स्थानिक जात लागवडीखाली होती, हे ॲरिझोनातील उत्खननांतून पुढे आले. म्हणजे जवाच्या उल्लेखावरचा आक्षेप पूर्वीइतका सरळ राहिला नाही. परंतु अरबस्तानातील एका नावाच्या साम्यावर अमेरिकेतील हजार वर्षांची संस्कृती उभी राहू शकत नाही. ग्रंथानुसार अखेरच्या एका रणसंग्रामातच नेफाइटांच्या बाजूचे २,३०,००० लोक मारले गेले. एवढ्या मोठ्या समाजाची लिपी, नाणी, शस्त्रे वा दफनभूमी यांपैकी काहीही निःसंदिग्धपणे ओळखता न येणे, ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

३. जनुकशास्त्र आणि बदललेले दोन शब्द

अमेरिकेतील मूलनिवासींच्या जनुकीय अभ्यासातून त्यांचे पूर्वज प्रामुख्याने ईशान्य आशियातून, किमान १५,००० वर्षांपूर्वी आले, असे निष्पन्न झाले आहे. थॉमस मर्फी (२००२) आणि सायमन साउदर्टन (२००४) या मॉर्मन पार्श्वभूमीच्या अभ्यासकांनी या निष्कर्षांची सांगड ग्रंथाच्या दाव्याशी घातली, तेव्हा वादाला तोंड फुटले. मूलनिवासींत आढळणारा 'एक्स' हा मातृवंशीय जनुकसमूह पश्चिम आशियाशी नाते दाखवतो, असा युक्तिवाद काही समर्थकांनी केला. परंतु वॉशिंग्टन राज्यातील केनेविक येथे सापडलेल्या सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीच्या मानवी अवशेषांत याच समूहाची अमेरिकी शाखा असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. लेहीच्या कथित प्रवासाहून ती कितीतरी जुनी आहे.

२०१४ साली चर्चने प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे म्हटले आहे की, लेहीचा गट लहान असल्यास त्याच्या जनुकीय खुणा मोठ्या लोकसंख्येत विरून जाऊ शकतात. लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद अशक्य नाही. प्रश्न एवढाच आहे की, मूळ दावा इतका लहान होता काय? १८३० च्या शरद ऋतूतच स्मिथ यांनी मिसुरीच्या सीमेकडील मूलनिवासींकडे 'लेमनाइट' म्हणून प्रचारक पाठवले होते. १९८१ च्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात लेमनाइटांना अमेरिकी मूलनिवासींचे 'प्रमुख पूर्वज' म्हटले होते. २००६ च्या आवृत्तीपासून तेथे केवळ 'पूर्वजांपैकी' असा अर्थ येतो. 'प्रमुख' हा एक शब्द गळाला आणि दोन खंडांना व्यापणारा दावा पडताळणीच्या पलीकडे गेला.

दुसरा शब्दबदल अधिक अस्वस्थ करणारा आहे. ग्रंथात लेमनाइटांची काळी त्वचा ही शापाची खूण म्हणून येते आणि पश्चात्तापानंतर ते 'गोरे' होतील, असे एका ठिकाणी म्हटले होते. १८४० च्या आवृत्तीत आणि पुन्हा १९८१ मध्ये त्या जागी 'शुद्ध' या अर्थाचा शब्द घालण्यात आला. ऐतिहासिकतेचा वाद हा केवळ पंडितांचा विषय का नाही, हे येथे स्पष्ट होते. या ग्रंथाने जिवंत माणसांच्या एका मोठ्या समूहाला परका वंश आणि शापित पूर्वज बहाल केले. त्या समूहाला स्वतःचा इतिहास परत मिळणे ही पुराव्याच्या चिकित्सेची खरी फलश्रुती होय.

४. 'बुक ऑफ अब्राहम' : मूळ हाती असलेला अनुवाद

सोन्याचे पत्रे देवदूताला परत दिले, असे परंपरा सांगते. त्यामुळे त्या अनुवादाची मुळाशी तुलना संभवत नाही. ११ साक्षीदारांनी पत्रे पाहिल्याचे निवेदन केले आणि त्यांपैकी पहिले तिघे पुढे काही काळ स्मिथ यांच्यापासून दुरावूनही त्यांनी ते मागे घेतले नाही, ही समर्थकांची सर्वांत बळकट बाजू आहे. परंतु साक्षीदार वस्तू पाहिल्याचे सांगू शकतात. तिच्यावरील मजकुराचे वय वा अर्थ नव्हे.

'बुक ऑफ अब्राहम'बाबत मात्र मूळ उपलब्ध आहे. १८३५ साली ओहायोतील कर्टलंड येथे इजिप्तच्या ममींसह काही पपायरस विकत घेण्यात आले. त्यांतील लेखन अब्राहमाचे आहे, असे सांगून स्मिथ यांनी १८४२ साली त्याचा 'अनुवाद' तीन चित्राकृतींसह प्रसिद्ध केला. १८८० मध्ये त्याला धर्मग्रंथाचा दर्जा मिळाला. मूळ पपायरस १८७१ च्या शिकागोतील आगीत नष्ट झाल्याचा समज होता. परंतु त्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आढळले आणि १९६७ साली ते चर्चकडे सुपूर्त झाले. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी ते वाचले, तेव्हा ते होर नावाच्या पुरोहिताच्या आणि इतर मृतांच्या अंत्यविधीशी संबंधित असल्याचे, तसेच अब्राहमाच्या परंपरामान्य काळाहून दीड हजारांहून अधिक वर्षांनी नंतरचे असल्याचे ठरले. २०१४ च्या निबंधात चर्चनेही या तुकड्यांत अब्राहमाचा उल्लेख नसल्याचे मान्य केले.

यावर दोन उत्तरे दिली जातात. खरा मजकूर हरवलेल्या भागात होता, हे पहिले. पपायरस हे केवळ दैवी प्रेरणेचे निमित्त होते, हे दुसरे. पहिल्या उत्तराची अडचण तिसऱ्या चित्राकृतीत आहे. तिच्यातील एका आकृतीला स्मिथ यांनी राजा फेरो म्हटले आणि त्याचे नाव डोक्यावरील अक्षरांत दिले असल्याचे सांगितले. ती अक्षरे आजही वाचता येतात आणि ते नाव आयसिस देवीचे आहे. येथे हरवलेल्या भागाचा आश्रय उरत नाही. दुसरे उत्तर तर्कदृष्ट्या अभेद्य आहे, परंतु त्यासाठी 'अनुवाद' या शब्दाचा प्रचलित अर्थच सोडावा लागतो.

५. चिकित्सकांची कसोटी

चिकित्सेचा नियम चिकित्सकालाही लागू असतो. १९८० च्या दशकात मार्क हॉफमन याने मॉर्मन इतिहासाला धक्का देणारी अनेक बनावट कागदपत्रे विकली. स्मिथ यांना देवदूताऐवजी पांढरा सॅलॅमँडर दिसल्याचे सांगणारे पत्र त्यांपैकीच एक होते. अनेक तज्ज्ञ आणि चर्चचे पदाधिकारीही फसले. १९८५ साली हॉफमनच्या बॉम्बस्फोटांत दोघांचा बळी गेला. या पत्राबद्दल आरंभीच संशय व्यक्त करणाऱ्यांत जेराल्ड टॅनर हे चर्चचे कडवे टीकाकार होते. आपल्या मताला पोषक पुरावाही त्यांनी तपासल्याशिवाय स्वीकारला नाही. प्रामाणिक चिकित्सेचे याहून चांगले उदाहरण या वादात सापडणार नाही.

उलट, परंपरेच्या आतील चिकित्सकांना मोठी किंमत मोजावी लागली. स्मिथ यांचे चरित्र १९४५ साली लिहिणाऱ्या फॉन ब्रोडी यांना पुढच्याच वर्षी बहिष्कृत करण्यात आले. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली; त्यांत इतिहासकार डी. मायकेल क्विन होते. २०१३ नंतर चर्चने अधिकृत निबंधांतून, पूर्वी टीकाकारांच्याच लेखनात आढळणाऱ्या कितीतरी गोष्टी मान्य केल्या. टोपीत ठेवलेल्या दगडात पाहून अनुवाद केल्याची पद्धत ही त्यांपैकी एक. त्या दगडाचे छायाचित्र २०१५ साली प्रसिद्ध झाले. हा मोकळेपणा स्वागतार्ह आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मॉर्मन धर्मग्रंथांचे ऐतिहासिक दावे आज उपलब्ध असलेल्या पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाहीत. त्या दाव्यांवर उभ्या राहिलेल्या समाजाची बांधिलकी, परस्परसाहाय्य आणि अनुयायांचा आंतरिक अनुभव यांविषयी मात्र पुरातत्त्व किंवा जनुकशास्त्र काहीही सांगत नाही आणि सांगू पाहील, तर ती त्या शास्त्रांच्या मर्यादेचे उल्लंघन ठरेल.

खरा वाद या दोन क्षेत्रांमधील संक्रमणाचा आहे. खंडाचा इतिहास लहान गटाचा इतिहास होतो, अनुवाद प्रेरणा होते, 'प्रमुख' हा शब्द वगळला जातो. प्रत्येक बदलाने श्रद्धा अधिक सुरक्षित होते आणि तिचा मूळ आशय तेवढाच कमी होतो. असा बदल करण्याचा अधिकार प्रत्येक परंपरेला आहे. तथापि दावा बदलला आहे, हे उघडपणे सांगण्याचे उत्तरदायित्वही तिच्यावर आहे. कारण ज्या अनुयायाने जुन्या दाव्यावर आपले आयुष्य बेतले आणि ज्या मूलनिवासीला त्या दाव्याने त्याचे पूर्वज कोण हे ऐकवले, त्या दोघांचेही हे ऋण आहे.