जीवनचक्रांची तुलना आणि संस्थेतील परिवर्तन

१

व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात अलीकडे एक तुलना रूढ झाली आहे. प्रकल्प-व्यवस्थापन, व्यवसाय-विश्लेषण आणि बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे व्यवहारात साठणाऱ्या माहितीची निर्णयासाठी केलेली जुळणी, या तीन विद्यांची जीवनचक्रे एका कोष्टकाच्या तीन रकान्यांत लिहावयाची, चौथ्या रकान्यात संस्थात्मक परिवर्तनाचे टप्पे मांडावयाचे आणि आडव्या ओळींतून त्यांचे साम्य दाखवावयाचे, अशी ही पद्धत आहे. आरंभासमोर आरंभ येतो, नियोजनासमोर नियोजन येते. आणि शेवटच्या ओळीत प्रकल्पाचे समापन, उपायाचे मूल्यमापन, प्रणालीची देखभाल व नव्या रीतीचे स्थिरीकरण ही चारही शेजारी येऊन बसतात. कोष्टक सुबक दिसते व विद्यार्थ्याला पाठ करण्यास सोपे जाते. तथापि पहिल्या तीन रकान्यांतील मजकूर आणि चौथ्यातील मजकूर हे एकाच जातीचे आहेत काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारल्यास या तुलनेचा पाया डळमळीत असल्याचे दिसून येते.

२

प्रथम तिन्ही विद्यांचे स्वतःचे म्हणणे पाहणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. तिच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या १९९६ च्या आवृत्तीपासून प्रकल्प म्हणजे एखादी विशिष्ट वस्तू अथवा सेवा निर्माण करण्यासाठी हाती घेतलेला तात्पुरता उद्योग, ही व्याख्या प्रचारात आहे. आरंभ, नियोजन, अंमलबजावणी, नियंत्रण आणि समापन हे पाच प्रक्रियागट त्याच ग्रंथामुळे सर्वपरिचित झाले. येथे ‘तात्पुरता’ हा शब्द निर्णायक आहे. प्रकल्पाला शेवट असतो, किंबहुना शेवट असणे हेच त्याचे लक्षण आहे.

व्यवसाय-विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय संस्था २००३ साली टोरांटो येथे स्थापन झाली. तिच्या ज्ञानग्रंथाच्या २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सहा ज्ञानक्षेत्रे सांगितली असून, ती क्रमाने पार करावयाचे टप्पे नव्हेत, असेही स्पष्ट केले आहे. परिवर्तन, गरज, उपाय, संबंधित व्यक्ती, मूल्य आणि परिस्थिती या सहा मूलकल्पनांवर सारी मांडणी उभी आहे. ज्या ग्रंथाने स्वतःच क्रम नाकारला, त्याच्यावर कोष्टककार क्रम लादतात ही पहिली विसंगती होय.

तिसऱ्या विद्येचे नाव तुलनेने जुने आहे. हान्स पीटर लून यांनी १९५८ साली आयबीएमच्या संशोधन-नियतकालिकात ‘बिझनेस इंटेलिजन्स’ ही संज्ञा एका माहितीवितरण-यंत्रणेसाठी वापरली होती. आज रूढ असलेला अर्थ मात्र पुढे डेटा वेअरहाऊसच्या, म्हणजे संस्थेच्या माहितीच्या एकत्रित कोठाराच्या, विचारातून घडला. विल्यम इन्मन यांनी १९९२ च्या ग्रंथात या कोठाराच्या बांधणीचा क्रम नेहमीच्या क्रमाच्या नेमका उलट असल्याचे प्रतिपादन केले. नेहमीच्या प्रणालीत गरजा आधी निश्चित होतात. येथे माहिती आधी जमते आणि गरजा सर्वांत शेवटी उमगतात. राल्फ किंबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या ग्रंथात आरंभी व्यवहाराच्या गरजा ठेवल्या, मध्ये तंत्र, माहिती व उपयोजन असे तीन समांतर प्रवाह आखले आणि देखभाल व वाढ यांतून पुन्हा आरंभाकडे नेणारी वाट काढली. या विद्येचे दोन प्रमुख आचार्यच आरंभ कोठे करावा याविषयी असहमत आहेत. मग तिचा एकच रकाना कसा भरावयाचा?

एवढ्या मतभेदांतही एक गोष्ट समान आहे. प्रकल्पातून वस्तू निघते, विश्लेषणातून उपायाची शिफारस निघते, माहितीच्या कोठारातून अहवाल निघतात. तिन्ही जीवनचक्रे कोणत्या तरी रचलेल्या गोष्टीची आहेत, आणि म्हणूनच ती आखता येतात.

३

चौथ्या रकान्याची स्थिती निराळी आहे. तेथे बहुधा कुर्ट लेविन यांची त्रयी लिहिली जाते: गोठलेली रीत सैल होणे, तिचे स्थलांतर आणि नव्या पातळीवर पुन्हा गोठणे. लेविन यांच्या १९४७ च्या लेखात या त्रयीला फार थोडी जागा आहे. लेखाचा भर समूहातील परस्परविरोधी प्रेरणांच्या समतोलावर आहे. तीन पायऱ्यांचा ‘नमुना’ हा प्रामुख्याने उत्तरकालीन ग्रंथकारांनी घडवला, असे २०१६ साली कमिंग्ज, ब्रिजमन व ब्राउन यांनी साधार दाखवले आहे. जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्याही १९९५ च्या लेखात प्रथम आठ चुकांच्या रूपाने आल्या होत्या. म्हणजे परिवर्तन कसे फसते याचे निरीक्षण आधी झाले आणि ते कसे करावे याचा क्रम त्यातून उलटा काढला गेला.

परिवर्तन ही रचलेली वस्तू नव्हे. माणसांच्या कामाच्या सवयी, परस्परांवरील विश्वास, कोणी कोणास विचारून निर्णय घ्यावा याची अलिखित व्यवस्था, यांचा तो इतिहास आहे. इतिहासाचे टप्पे मागाहून सांगता येतात. आधी आखता येत नाहीत. या भेदाची किंमत काय, हे एका बहुचर्चित उदाहरणावरून पाहता येईल.

४

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेकडे १९९० च्या दशकारंभी सहाशे चौरस मैलांहून थोडा अधिक प्रदेश होता. दूरध्वनी घेणारा कर्मचारी कागदी पत्रकावर माहिती लिहीत असे. ते पत्रक पट्ट्यावरून पुढे जाई, आणि आपापल्या विभागाचा वाहननियोजक कोणती गाडी पाठवावयाची ते ठरवीत असे. हे काम तीन मिनिटांत व्हावे अशी अपेक्षा होती. त्याऐवजी वाहनाचे ठिकाण आपोआप ओळखून गाडी निवडणारी संगणकीय व्यवस्था आणावयाचे ठरले. आधीचा एक प्रयत्न १९९० साली सोडून द्यावा लागला होता; नव्या प्रयत्नासाठी ८ जानेवारी १९९२ हा दिवस मुक्रर करण्यात आला. तो टळला. अखेर २६ ऑक्टोबर १९९२ रोजी सारे लंडन एकदम नव्या व्यवस्थेखाली आणले गेले. त्याच दिवशी नियंत्रण कक्षाची मांडणी बदलली, विभागवार बैठक मोडली आणि कागदाचा आधार काढून घेतला गेला.

ही व्यवस्था प्रत्येक गाडीचे ठिकाण व स्थिती अचूक कळेल या गृहीतावर उभी होती. गाडीवरील माणसाने योग्य बटण योग्य वेळी दाबले, संदेश पोहोचला, नेमून दिलेलीच गाडी बाहेर पडली, तरच संगणकातील चित्र खरे राहणार होते. तसे घडले नाही. चुकीच्या स्थितीवरून चुकीची गाडी निघू लागली. उशीर झाल्यामुळे लोक पुनःपुन्हा दूरध्वनी करू लागले. सूचनांचे ढीग पडद्यावर साचले. त्रासलेल्या कर्मचाऱ्यांकडून नोंदी अधिकच चुकू लागल्या आणि चित्र आणखी बिघडले. जुना नियोजक आपल्या विभागाच्या ओळखीवर ही तूट भरून काढीत असे. आता ती ओळख वापरण्यास जागाच उरली नव्हती. २७ तारखेच्या दुपारी अर्धवट जुन्या पद्धतीकडे परतावे लागले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे मात्र यंत्रणा खरोखरच थबकली. प्रत्येक गाडी पाठवताना संगणकाच्या स्मृतीतील थोडी जागा अडून राहत असे व ती मोकळी होत नसे. तीन आठवड्यांत स्मृती भरून गेली.

फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाचा एक निष्कर्ष येथे विशेष महत्त्वाचा आहे. २६ व २७ ऑक्टोबरला संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडला नव्हता. बऱ्याच अंशी तो आखून दिल्याप्रमाणेच चालत होता. आखणीतच दोष होते, आणि ती आखणी ज्या माणसांच्या हाती पडली त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. प्रशिक्षण अपुरे होते व बरेच आधी झाल्यामुळे विसरले गेले होते. व्यवस्थापन व कर्मचारी यांचे संबंध बिघडलेले होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. या कामी ‘प्रिन्स’ ही प्रकल्प-व्यवस्थापनाची पद्धती अनुसरावयाची होती, परंतु तिचा अनुभव संबंधितांस नव्हता व ती नीट पाळली गेली नाही. तेव्हा दोष पद्धतीच्या अभावाचा आहे, तिच्या मर्यादेचा नव्हे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. पद्धती पाळली असती तर अवास्तव तारीख कदाचित आधीच उघडी पडली असती. परंतु गाडीवरील चालकाचा अविश्वास तिच्या कोणत्या नोंदवहीत आला असता? माहितीचे चित्र चालकाच्या सहकार्यातून निर्माण होते, हे माहितीच्या जीवनचक्रात कोठे लिहिले होते? प्रत्येक विद्या परिवर्तन दुसऱ्या कोणाच्या तरी रकान्यात आहे असे समजून चालली, आणि कोष्टकाने नेमकी हीच समजूत दृढ केली असती.

याच सेवेने १९९६ च्या जानेवारीत दुसरी व्यवस्था यशस्वीपणे सुरू केली. ती घरच्या माणसांनी, कर्मचाऱ्यांना नमुने दाखवीत, एकेक अंग जोडत उभारली होती. बिघडलेले संबंध सुधारण्याचे काम तिच्या आधी हाती घेण्यात आले होते. आरंभाची ओळ येथे प्रकल्पाच्या बाहेर, पुष्कळ मागे लिहावी लागते.

५

शेवटची ओळ कोठे लिहावयाची, याचे उत्तर अहमदाबादने दिले आहे. त्या वेळी मुंबई राज्यात असलेल्या या नगरात कॅलिको मिलने १९५२ साली स्वयंचलित माग बसवले. यंत्रे आली, कामाची शास्त्रशुद्ध वाटणी झाली. प्रकल्पाच्या भाषेत समापन झाले. तरीही अपेक्षित उत्पादन निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांना १९५३ साली दिसले ते असे की, २२४ मागांवर २९ माणसे बारा निरनिराळ्या कामांत विभागली गेली होती आणि ठरावीक मागांचा ठरावीक गट असा कोठेच नव्हता. राइस यांनी गटाची कल्पना सुचवताच कामगारांनी व देखरेख करणाऱ्यांनी ती उचलून गट स्वतः बनवले, आणि काही काळाने उत्पादन वाढून सदोष कापड घटले. यंत्र तेच होते. परिवर्तन प्रकल्प संपल्यानंतर सुरू झाले होते.

तथापि गोष्ट येथेही संपत नाही. एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतच्या स्थितीचा मागोवा घेऊन १९७५ साली तो प्रसिद्ध केला. गटपद्धती काही ठिकाणी टिकली होती, तर अन्यत्र बाजार व देखरेख यांच्या दबावाखाली जुनी रीत परतली होती. ‘पुन्हा गोठणे’ ही पायरी एकदा पार करून मोकळे होता येत नाही, हे यावरून सिद्ध होते.

६

या विवेचनावरून तुलना व्यर्थ ठरते असे नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २०१३ साली संस्थांतील परिवर्तनावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, आणि २०२१ च्या सातव्या आवृत्तीत मुख्य ग्रंथाचा भर प्रक्रियांवरून तत्त्वांवर नेला. आपल्या रकान्याची मर्यादा त्या विद्येलाही जाणवली, असा याचा अर्थ घेता येतो. तीन रकाने शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त आहे, कारण एका कामाचा शेवट दुसऱ्याचा आरंभ केव्हा होतो ते त्यातून कळते. चौथा रकाना मात्र पुसून टाकणे श्रेयस्कर. त्याच्या जागी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: या टप्प्यावर कोणाच्या रोजच्या कामाची रीत बदलते, आणि ती बदलल्याचे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? लंडनच्या नियंत्रण कक्षात तो अधिकार तारीख ठरवणाऱ्यांकडे होता. अहमदाबादच्या मागांवर तो काही काळ विणकरांकडे आला. परिवर्तनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक ज्या कोष्टकात दिसत नाही ते कोष्टक अपुरे समजावे.