खो देण्याची रीत, परदेशातही तीच

19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. कर्णधार होती प्रियंका इंगळे. ती मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, पण वाढली आणि खेळली पुण्यात. आमच्याकडच्या माणसांना त्या दिवशी झालेला आनंद वेगळाच होता. दिवाळी झाली की ज्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथल्या शाळांना परवडणारा हा खेळ आहे. दोन खांब रोवायचे, फक्की मारायची आणि सुरू करायचं. ना रॅकेट, ना चेंडू.

त्या स्पर्धेत इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, केनिया, पेरू असे संघ उतरले होते. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळणाऱ्यांत भारतीय कुटुंबांतली मुलं-मुली होती. ही मुलं आकाशातून पडलेली नाहीत. परदेशातल्या मराठी मंडळांच्या सहलींत, रविवारच्या शाळांत, बागेतल्या हिरवळीवर कुणीतरी त्यांना उकिडवं बसायला शिकवलं, पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायला लावलं. या लेखातून मला त्या शिकवणाऱ्यांचे आभार मानायचे आहेत.

त्यांनी खेळ सोपा करून टाकला नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. परक्या मुलखात खो-खोची नुसती पळापळ व्हायला वेळ लागत नाही. खांब नाहीत, पाटी आखलेली नाही, पोरं म्हणतात, “पळू दे ना कुठेही.” तिथे जो माणूस थांबवतो आणि म्हणतो, “नाही, पाटी ओलांडायची नाही,” तोच हा खेळ राखतो.

कारण खो-खोची सगळी कला त्याच्या बंधनांत आहे. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. मधल्या पाटीवर आठ चौकोन आणि त्यांत आठ गडी बसलेले, एकाचं तोंड एका बाजूला, तर शेजारच्याचं दुसऱ्या बाजूला. नववा पाठलागाला. समोर पळणारे तिघेच, ते बाद झाले की पुढची तिघांची तुकडी आत येते. नऊ मिनिटांची पाळी. पळणाऱ्याला पाटीवरून इकडून तिकडे जायची मुभा आहे, दोन बसलेल्यांच्या मधून तो सहज निसटतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळता येत नाही. हातभर अंतरावर पळणारा हुलकावणी देऊन पलीकडे गेला, तर पाठलाग करणारा एकट्याने काहीच करू शकत नाही. त्याला खो द्यावाच लागतो.

आणि तो पाठीमागूनच द्यायचा, हात लावून, मोठ्याने. खो मिळण्याआधी बसलेल्याने उठायचं नाही. उठला की तोंड होतं त्याच बाजूला त्याने जायचं, आणि देणाऱ्याने त्याच्या जागी बसायचं. क्षणापूर्वी जो सगळ्यांच्या नजरेत होता तो आता खाली बसलेला असतो. एकट्याच्या वेगावर गुण मिळवायची सवय असलेल्या मुलांना हे बसणं जड जातं. ते अंगवळणी पडायला सराव लागतो, आणि तो करून घ्यायला चिवट शिक्षक लागतो.

हे नियम काल-परवाचे नाहीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये या खेळाला नियमांची चौकट दिली. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जर्मनीत करून दाखवले. त्यात खो-खो होता. पुढे दिल्लीच्या विश्वचषकात जर्मनीचा संघ स्वतः खेळायला आला. या दोन प्रसंगांमध्ये 89 वर्षं गेली.

आता मॅटवरचा खेळ वेगळा झाला आहे. बाजूला सात-सात खेळाडू, आणि त्यांत एक वजीर, ज्याला कुठल्याही दिशेने पळता येतं. बघायला तो खेळ झकास आहे, त्याने जग जोडलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तरीही लहान मुलांना सुरुवातीलाच वजीर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सगळीकडे वळायची मोकळीक मिळालेलं मूल खो द्यायला शिकत नाही. आधी दोन-तीन वर्षं सरळ खेळ, वजीर त्यानंतर.

परदेशात खांब रोवायला मैदान खणू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. जड बुडाचे खांब करून घ्या. तेही जमत नसेल तर शंकू ठेवा, पण पाटी खडूने किंवा चिकटपट्टीने नीट आखा आणि पंच म्हणून एक जाणता माणूस उभा करा. शिट्टी वाजली पाहिजे, फाऊल दिला गेला पाहिजे.

आणि एक विनंती. सुट्टीत बीडला, केजला, आष्टीला, जिथे तुमचं गाव असेल तिथे मुलांना घेऊन आलात, तर एखादी संध्याकाळ त्यांना शाळेच्या मैदानावर गावातल्या पोरांबरोबर पाटीवर बसवा. भाषा अडली तरी चालेल, खो दोघांनाही कळतो.