द्रौपदीचा प्रश्न : नियमाचे मौन आणि निर्णायकाचे मौन

प्रस्तावना

सभापर्वातील द्यूतप्रसंगाचा विचार बहुधा स्त्रीची विटंबना, धर्मसंकट आणि कुलक्षयाची नांदी या अंगांनी केला जातो. हा प्रसंग मुळात एका खेळाचा आहे, त्या खेळाला नियम आहेत आणि नियमांच्या शब्दांतील संदिग्धतेवरच सभेची कोंडी झाली आहे, ही बाजू मात्र मागे पडते. डॉ. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) या ग्रंथात या बाजूकडे लक्ष वेधले. साहित्य अकादमी पुरस्काराने १९६८ साली गौरविलेल्या या ग्रंथात त्यांनी द्रौपदीच्या प्रश्नाविषयी कठोर मत मांडले आहे. भर सभेत विदुषीप्रमाणे कायद्याचा कीस काढण्यात द्रौपदीची चूक झाली, तिने केवळ माणुसकीला आवाहन करायला हवे होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. प्रस्तुत लेखात या मताची चिकित्सा नियमांच्या अर्थनिर्णयाच्या अंगाने केली आहे. त्यासाठी आधुनिक काळातील भूमिका-खेळांचा दृष्टान्तही घेतला आहे. कारण संदिग्ध नियमाचे काय करावे, या प्रश्नाचा या खेळांनी अनेक दशके जाणीवपूर्वक विचार केला आहे.

द्यूतातील संदिग्ध स्थळे

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. कर्वे यांच्या विवेचनाचा आधारही हीच आवृत्ती आहे. द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. त्यामुळे चमत्काराआधीचा वाद, म्हणजेच नियमाचा वाद, अधिक ठळकपणे समोर येतो.

या वादाची सुरुवात द्रौपदीच्या प्रश्नापूर्वीच झालेली आहे. पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीचे, असे ठरते तेव्हा एकाने दुसऱ्यासाठी खेळणे विषम आहे, असा आक्षेप युधिष्ठिर घेतो. या आक्षेपावर कोणीही निर्णय देत नाही. युधिष्ठिर तसाच खेळायला बसतो आणि पहिली संदिग्धता निकालाविना मागे राहते. पुढे चारही भाऊ आणि स्वतःला हरल्यानंतर, धन शिल्लक असताना स्वतःला हरणे हे पाप होय, असे शकुनीच त्याला ऐकवतो आणि द्रौपदीचे नाव सुचवतो. हरलेल्या माणसाजवळ ‘शिल्लक धन’ कसे असू शकते, हा प्रश्न त्या क्षणी कोणाच्याही तोंडून निघत नाही. तो अंतःपुरातून येतो. निरोप घेऊन आलेल्या प्रातिकामीला द्रौपदी परत पाठवते आणि युधिष्ठिराने आधी कोणाला हरले, स्वतःला की मला, असे विचारण्यास सांगते. युधिष्ठिर उत्तर देत नाही.

सभेतील अर्थनिर्णय

या प्रश्नावर सभेत तीन प्रमुख भूमिका मांडल्या जातात. भीष्मासमोर दोन नियम आहेत. जो स्वतःचा स्वामी उरला नाही तो दुसऱ्याला पणाला लावू शकत नाही, हा एक. पत्नी पतीच्या अधीन असते, हा दुसरा. यांपैकी कोणता नियम कोणाचा अपवाद, हे ठरवता येत नाही म्हणून धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून भीष्म थांबतात. धृतराष्ट्रपुत्र विकर्ण मात्र निश्चित उत्तर देतो. द्यूतासारख्या व्यसनात गुंतलेल्या राजाची कृती प्रमाण नाही. द्रौपदी पाचही भावांची समान पत्नी आहे. युधिष्ठिर आधीच स्वतःला हरला होता. आणि तिचे नाव शकुनीने काढले. या चार कारणांनी ती जिंकली गेलेली नाही, असे तो म्हणतो. कर्ण शब्दाचा आधार घेतो. युधिष्ठिराने सर्वस्व पणाला लावले, द्रौपदी त्या सर्वस्वातच येते; शिवाय तिचे नाव उच्चारले गेले आणि पांडवांनी ते मान्य केले, असा त्याचा युक्तिवाद आहे.

‘सर्वस्व’ या शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. विश्वजित् यागात यजमानाने सर्वस्व दान करावे असे विधान आहे. त्यात माता-पिता व इतर आप्तही येतात काय, याचा विचार जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात आला आहे. ज्यावर आपले स्वामित्व आहे तेवढेच देता येते, असा तेथील सिद्धान्त आहे. ‘स्व’ या शब्दाचे आत्मा, आत्मीय, ज्ञाती आणि धन असे अनेक अर्थ होत असले तरी दानाच्या संदर्भात तो धनापुरताच घ्यावयाचा, हे त्यामागचे तत्त्व. याज्ञवल्क्यस्मृतीतही देय वस्तूंतून पत्नी व पुत्र यांना वगळले आहे. या ग्रंथांच्या कालक्रमाविषयी येथे कोणताही दावा नाही. मुद्दा एवढाच की, शब्द संदिग्ध असला तरी संदर्भ व प्रयोजन पाहून त्याचा अर्थ निश्चित करण्याची पद्धती परंपरेत होती. कर्णाचे अर्थनिर्णयन अक्षरशः शक्य आहे, पण अटळ नाही. सभेची कोंडी उत्तरांच्या अभावामुळे झाली नाही. मांडलेल्या उत्तरांतून एक निवडून ते लागू करणारा कोणी पुढे आला नाही, म्हणून ती झाली.

भूमिका-खेळांचा दृष्टान्त

येथे भूमिका-खेळांची तुलना उपयुक्त ठरते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील आद्य व्यावसायिक खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. कृतीचे यश बहुधा फाशांवर ठरते. एक जण कथाविश्वाचे वर्णन करतो आणि नियम लागू करतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. खेळाडूंना काहीही करून पाहण्याची मुभा असल्याने कोणतेही नियमपुस्तक पुरे पडत नाही. त्यामुळे खेळाडूंच्या शंकांना उत्तरे देणारे सदर ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ पासून सुरू झाले.

एक उदाहरण पाहता येईल. या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत अदृश्य पात्राविषयी दोन स्वतंत्र कलमे होती. पहिले, असे पात्र जादू किंवा विशेष इंद्रियाच्या मदतीशिवाय दिसत नाही. दुसरे, त्याच्यावरील हल्ला अवघड होतो आणि त्याने केलेला हल्ला सोपा होतो. आता एखाद्याने मंत्रबळाने अदृश्य पात्र पाहिले तर दुसरे कलम लागू राहते काय? अक्षरार्थाने राहते, आणि खेळाच्या नियमकर्त्यांपैकी जेरेमी क्रॉफर्ड यांनी तसेच उत्तर दिले. ते अनेक खेळाडूंना विपरीत वाटले. २०२४ च्या आवृत्तीत नियमाची शब्दरचनाच बदलण्यात आली; ज्याला ते पात्र दिसते त्याच्यापुरता हा लाभ राहत नाही, असे स्पष्ट करण्यात आले. क्रॉफर्ड यांनी अर्थनिर्णयाच्या तीन कसोट्याही सांगितल्या आहेत : नियम लिहिला आहे तसा, नियमकर्त्याला अभिप्रेत होता तसा आणि खेळाचा आनंद टिकवील तसा. विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो, हे या खेळाचे तत्त्व तर उत्सर्ग-अपवाद न्यायाची आठवण करून देणारे आहे.

या खेळांनी संदिग्धता संपवलेली नाही. ती गृहीत धरली आहे. मात्र तिच्यासाठी एक आसन राखून ठेवले आहे. त्या आसनावरील व्यक्ती चुकू शकते, पण तिला गप्प बसता येत नाही, कारण ती गप्प बसली तर खेळच थांबतो. दुसरे म्हणजे तिला कोणाच्या हरण्यातून काही मिळवायचे नसते. शिवाय निर्णय असह्य झाला तर खेळाडू उठून जाऊ शकतो. हस्तिनापुरच्या सभेत या तिन्ही गोष्टींचा अभाव आहे. निर्णायकाच्या आसनावरील धृतराष्ट्र हा पण जिंकणाऱ्याचा पिता आहे, भीष्म बोलूनही निर्णय देत नाहीत आणि द्रौपदीला उठून जाता येत नाही. सभेत प्रश्न विचारला गेला असता मौन पाळणारा असत्याचा वाटेकरी होतो, असे विदुर प्रल्हादाच्या आख्यानातून बजावतो, तेव्हा तो नेमके या दोषावर बोट ठेवतो.

कर्वे यांच्या मताची चिकित्सा

कर्वे यांच्या आक्षेपात तथ्य आहे. पतीचा अधिकार कायम आहे असे ठरले तर द्रौपदी दासी ठरते. तो संपला असे ठरले तर ती पतीविना निराधार होते. दोन्ही उत्तरे तिला घातक आहेत. तथापि ही कोंडी निर्माण करण्याचा दोष प्रश्नकर्तीकडे जात नाही. पत्नीला पणाला लावण्याजोगी मानणाऱ्या नियमातच ती कोंडी होती. प्रश्नाने ती केवळ उघड केली. माणुसकीचे आवाहन कोणीही दुर्लक्षू शकले असते. नियमाचा प्रश्न मात्र दुर्योधनालाही टाळता आला नाही. युधिष्ठिर आपला स्वामी नव्हता असे त्याच्या भावांनीच सांगावे, अशी अट त्याला घालावी लागली. त्यावर स्वतःला हरलेला युधिष्ठिर कोणाचा स्वामी, असे अर्जुन विचारतो. प्रश्न फिरून प्रश्नाकडेच येतो आणि अपशकुनांनी घाबरलेला धृतराष्ट्र वर देऊ करतो.

या वरांचा तपशील अर्थपूर्ण आहे. पहिल्या वराने द्रौपदी युधिष्ठिराची दास्यातून मुक्तता मागते. आपल्या पुत्राला कोणी दासपुत्र म्हणू नये, हे ती कारण देते. दुसऱ्या वराने उरलेल्या चौघांची मुक्तता मागते. तिसरा वर ती नाकारते. स्वतःची मुक्तता ती मागतच नाही. जी गोष्ट हरलेली नाही ती परत कशी मागावी? सभेने न दिलेले उत्तर तिच्या या न मागण्यात आहे.

निष्कर्ष

नियमातील संदिग्धता हा भाषेचा स्वभाव आहे आणि तिचा निरास करण्याची साधने मीमांसेपासून आधुनिक खेळांपर्यंत उपलब्ध आहेत. अन्याय होतो तो अर्थनिर्णयाचे उत्तरदायित्व कोणी घेत नाही तेव्हा, किंवा ज्याला लाभ होणार त्याच्याच हाती ते असते तेव्हा. कोणत्याही संस्थेच्या नियमावलीत, अर्थाविषयी मतभेद झाल्यास अमुक अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील, असे शेवटचे कलम असते. ते कलम वाचताना त्या आसनावर कोण बसले आहे, त्याचा पण कोणत्या बाजूला लागला आहे आणि प्रश्न विचारणाऱ्याला उठून जाता येते काय, हे पाहणे आवश्यक ठरते. द्रौपदीचा प्रश्न त्या अर्थाने पांडित्याचे प्रदर्शन नव्हता. निर्णायकाचे आसन रिकामे आहे, हे भर सभेत दाखवून देण्याचा तिच्यापुढे तोच एक मार्ग उरला होता.