‘संपाद्य’ या संज्ञेची कसोटी

जालपृष्ठावरील एखादा घटक वापरणाऱ्यास बदलता येतो की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. तथापि तो ज्या संज्ञेत मांडला जातो ती संज्ञाच संदिग्ध असल्यामुळे त्याचे उत्तरही पुष्कळदा फसवे ठरते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सिद्ध केलेला पहिला ब्राउझर वाचनाबरोबरच लेखनाचेही साधन होता. पुढे ही दोन कार्ये विलग झाली. २००० साली इंटरनेट एक्सप्लोररच्या ५.५ या आवृत्तीने ‘कॉन्टेन्टएडिटेबल’ हा गुणविशेष आणून पृष्ठातच लेखनाची सोय केली.

या गुणविशेषाचे मूल्य दिलेले नसल्यास घटक ते आपल्या पालक-घटकाकडून वारशाने घेतो. साहजिकच घटकावर काय नोंदले आहे एवढेच पाहणारी परीक्षा अपुरी होय. ‘इझकॉन्टेन्टएडिटेबल’ हा गुणधर्म वारसा जमेस धरून उत्तर देतो, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु नावावरून अपेक्षित होते तेवढे त्याचे क्षेत्र व्यापक नाही. साध्या ‘टेक्स्टएरिया’विषयी तो नकारार्थी उत्तर देतो, आणि वापरणारा तर तीत खुशाल लिहीत असतो! तेथे ‘रीडओन्ली’ व ‘डिसेबल्ड’ हे निर्बंध स्वतंत्रपणे तपासावे लागतात. त्यांतही भेद आहे: पहिल्यातील मजकूर बदलता येत नसला तरी अर्जाबरोबर पाठविला जातो, दुसऱ्यातील पाठविला जात नाही.

या गोंधळाचे मूळ परिभाषेत आहे. ‘संपाद्य’ या शब्दातील प्रत्यय कृत्य-वर्गातील असून, पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त या वर्गास अनुज्ञा, अर्हता, शक्यता असे निरनिराळे अर्थ नेमून दिले आहेत. तांत्रिक व्यवहारात मात्र हे अर्थ एकमेकांत मिसळलेले आढळतात. ‘एरिया-रीडओन्ली’ ही तर निव्वळ घोषणा आहे. ती स्वतः लेखन अडवीत नाही. पडदावाचकाच्या साहाय्याने वाचणारी अंध व्यक्ती मात्र ती घोषणा ऐकून, घटक बंद आहे असे समजून पुढे जाते. घोषणा खोटी असल्यास लिहिण्याची तिची संधीच हुकते. उलट, शक्यता असली म्हणजे परिणाम टिकेलच असेही नाही. पृष्ठावर केलेला बदल ब्राउझरमधील प्रतीपुरता असतो. तो सर्व्हरकडे पाठवून साठविला नाही, तर पृष्ठ पुन्हा उघडताच लोप पावतो.

म्हणून परीक्षकाने एकाच होकारावर विसंबू नये. लिहिता येते काय, तशी अनुज्ञा वाचकास नीट कळते काय आणि लिहिलेले टिकते काय, हे तीन प्रश्न वेगळे ठेवल्याखेरीज ‘संपाद्य’ या शब्दास निश्चित अर्थ प्राप्त होणार नाही.