दोष मराठी नावाचा नाही

‘विज्ञान प्रकल्प’ असे नाव दिलेली फाइल ई-मेलने पाठवावी आणि पलीकडे नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटावी, हा अनुभव अनेक शिक्षकांना आला असेल. मग आपणच विद्यार्थ्यांना सांगतो, ‘नाव इंग्रजीतच द्या.’ हा सल्ला आम्हाला चुकीचा वाटतो.

ई-मेलचा शीर्षभाग मुळात अ‍ॅस्कीच्या १२८ चिन्हांवर बेतलेला होता. १९९६ साली ‘आरएफसी २०४७’ या मानकाने विषयाच्या ओळीत इतर लिप्यांची सोय केली. फाइलच्या नावासाठी मात्र ती रीत वापरण्यास स्पष्ट मनाई केली. नावासाठी वेगळी रीत १९९७ साली ‘आरएफसी २२३१’ने दिली. तरीही अनेक प्रणाली मनाई असलेलीच रीत वापरत राहिल्या. इतरांनी ती चूक खपवून घेतली आणि नियमाने चालणारी प्रणालीच अडाणी ठरली. मानककर्तेही निर्दोष नाहीत. एकाच पत्रातील दोन जागांसाठी दोन रीती ठेवणे म्हणजे घोटाळ्याला आमंत्रणच.

मानक नुसते छापून भागत नाही. ते पाळले जाते का, हे तपासावे लागते. मराठी नावाची एक फाइल निरनिराळ्या प्रणालींतून पाठवून पाहावी आणि नाव कोठे बिघडते, याची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी.