संख्येचे वजन
(डॉ. आंबेडकरांच्या एका पुस्तिकेचे भालकीहून केलेले वाचन)

काही पुस्तके ज्या वादासाठी लिहिली जातात तो वाद मिटल्यावरच नीट वाचता येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ ही इंग्रजी पुस्तिका अशांपैकी एक होय. राज्यपुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल सादर केला, आणि त्यावरील परखड टीका म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस ती लिहून झाली. मुंबई कोणाची आणि मराठी राज्ये किती असावीत, या तिच्यातील प्रश्नांचा निकाल १९६० मध्ये लागला. पण बहुमताने राज्य चालावे हे मान्य केल्यावर संख्येने थोड्या असलेल्या माणसाने त्या राज्यात निर्भयपणे कसे राहावे, हा तिच्यातील मूळ प्रश्न शिल्लक राहिला. भालकीत बसून वाचणाऱ्यास तो केवळ पुस्तकी वाटणे शक्य नाही.

बहुमताचा जुलूम ही कल्पना नवी नव्हे. फ्रेंच विचारवंत तॉकव्हिल याने १८३५ मध्ये अमेरिकेतील लोकशाहीचे वर्णन करताना हा धोका सांगितला, आणि १८५९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल याने व्यक्तिस्वातंत्र्याची कैफियत त्याच्याच विरुद्ध मांडली. बाबासाहेबांनी या विचारात जी भर घातली ती अस्सल भारतीय अनुभवातून आली आहे. राजकीय बहुमत हे मतांनी बनते, मोडते आणि पुन्हा बनते. आजचा अल्पमतवाला उद्या बहुमतात जाऊ शकतो. आपल्याकडील बहुमत मात्र पुष्कळदा जन्माने ठरते. त्यात कोणाला जाता येत नाही, की त्यातून बाहेर पडता येत नाही. भाषावार राज्यांत एखादी मोठी जात सत्तेवर कायमची बसेल आणि लहान जाती दडपल्या जातील, ही त्यांची भीती या भेदातूनच उपजली आहे. पुस्तिकेचे खरे मोल मला या विवेचनात दिसते.

या भेदाची सत्यता आमच्या मुलखाने सोसून पाहिली आहे. निजामाच्या राजवटीत सत्ता थोड्यांची होती आणि दरबाराची भाषा उर्दू. कानडी शिकविणेही तेव्हा सोपे नव्हते. भालकीच्या हिरेमठाचे शतायुषी स्वामी डॉ. चन्नबसव पट्टद्देवरु यांनी दारावर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कानडीचे धडे दिले, ही कथा येथे आजही आदराने सांगितली जाते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आली. काल ज्या भाषेला पाटीआड लपावे लागत होते ती राजभाषा झाली, आणि मराठी बोलणारा एका रात्रीत अल्पसंख्य ठरला. त्याने गाव बदलले नव्हते, घर बदलले नव्हते.

पण याच भूमीवर याहून भीषण धडाही लिहिलेला आहे. १९४८ मध्ये रझाकारांनी बसवकल्याणजवळील गोरटा गावी हत्याकांड केले. त्याची आठवण आपण जपतो, आणि ती जपलीच पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाची सत्ता संपली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत या भागातील मुसलमान प्रजेवर जे गुदरले त्याची आठवण आपण काढीत नाही. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे सर्वांत अधिक होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदविले आणि मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच पडून होता. थोड्यांचा जुलूम संपला म्हणजे जुलूमच संपला, असे समजणाऱ्यास एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

आता पुस्तिकेतील उपायांविषयी. पहिला उपाय लहान राज्यांचा. राज्य लहान असले की बहुमताचे ओझेही अल्पसंख्यांस पेलेल, असा त्यामागील तर्क आहे. येथे मात्र बाबासाहेबांचे बोट सोडावे लागते, आणि तेही त्यांच्याच आधाराने. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना त्यांनी खेड्याविषयीचा भाबडा अभिमान निर्दयपणे खोडून काढला होता. खेड्याहून लहान राज्य कोणते? आणि पाणवठा, बलुते, बहिष्कार यांच्या बळावर एकट्या माणसास जितके तेथे चिरडता येते तितके अन्यत्र कोठे? सत्ता लहान झाल्याने ती सौम्य होतेच असे नाही. कित्येकदा ती अधिक जवळ येऊन बसते.

दुसरी सूचना अशी की, प्रादेशिक भाषा ही राज्याची राजभाषा करू नये. हिंदीस आणि तोवर इंग्रजीस ते स्थान द्यावे. हेतू राष्ट्रैक्याचा आहे. परंतु रयतेच्या भाषेवाचून चालणारा कारभार कसा असतो, हे हैदराबाद संस्थानाने दाखविले होते. कानडी आणि मराठी या दोघींनाही दाराबाहेर उभे केल्याने दोघींत न्याय होत नाही.

तिसरी सूचना मात्र फारशी कोणी लक्षात घेतली नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. एकेका प्रतिनिधीच्या मतदारसंघाऐवजी दोन-तीन प्रतिनिधींचे मतदारसंघ असावेत व मतदारास आपली सारी मते एकाच उमेदवारास देता यावीत, म्हणजे थोड्यांचाही आवाज सभागृहात पोहोचेल, असे त्यांनी सुचविले. जन्मजात बहुमतास मतांच्या बहुमताकडे वळविण्याची ही वाट होती.

मतांनी बनलेले बहुमत कसे असते, हे या मासिकाच्या मराठी-कोंकणी वाचकांनी पाहिलेले आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकाने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर कौल घेतला गेला. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ व बाजूने १,३८,१७० मते पडली. एकाच देवळाचे महाजन दोन बाजूंना होते. हरलेल्यांना घर सोडावे लागले नाही की मराठी सोडावी लागली नाही; १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, तरी मराठीच्या शासकीय वापरास त्यात जागा राहिली. भांडण मिटले असे नव्हे, परंतु ते मतांचे भांडण राहिले.

आपल्या राज्यघटनेने २९ व ३० ही कलमे दिली, आणि १९५६ मध्ये ३५०-अ व ३५०-ब ही कलमे जोडून भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे अशी तजवीज केली. भालकीच्या मराठी माणसाने या कलमांचा आग्रह धरलाच पाहिजे. पण त्यांच्याही पलीकडे एक पायरी आहे. कर्नाटकाच्या १९९४ च्या भाषाधोरणासंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यमही शासनास लादता येत नाही. निवड मुलाच्या वतीने पालकाची आहे. म्हणजे हक्क अखेरीस समाजाचा नसून माणसाचा आहे. आपल्याच समाजाच्या विरुद्धही तो त्याला वापरता आला पाहिजे.

येथे ही पुस्तिका आपल्या, म्हणजे देवळाच्या आवारात वाढलेल्या मंडळींच्या, हाती आरसा देते. भाषेच्या गणनेत आपण थोडे आहोत म्हणून न्याय मागतो. गावच्या गणनेत आपणच पुष्कळ आहोत, हे सोयीने विसरतो. पंढरीच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांस उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले, तेव्हा दार अडवून उभे असलेले लोक परके नव्हते. बाबासाहेबांनी ज्या जन्मसिद्ध बहुमताचे भय सांगितले, त्यात आपणही मोडतो. म्हणून ही पुस्तिका मराठीच्या कैवारासाठी वाचावयास घेणाऱ्याने ती तेवढ्यावरच मिटू नये. आपल्या गावात, आपल्या पंचांसमोर एकटा उभा राहून ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणणाऱ्याचे काय होते, हे एकदा पाहावे आणि मग पुस्तिका पुन्हा उघडावी.