‘ग्राम्य’ म्हणजे कुणाचं?

कॉलेजात असताना एका मासिकाकडून माझी कविता साभार परत आली. सोबत चिठ्ठी होती : आशय प्रखर आहे, ग्राम्यता टाळावी. मला लाज वाटली. कवितेत ‘हाडकी’ हा शब्द होता, आमच्या वतनाच्या रानाचा. तो मी खोडला न् तिथं ‘भूमी’ लिहिलं. कविता तिथंच मेली.

मित्रांनो, या पारिभाषिक शब्दांना आपली पोरं एकतर भितात, नाहीतर ‘फेकून द्या’ म्हणतात. दोन्ही चूक. आधी ते समजून घेऊ.

‘ग्राम्य’ हा संस्कृत काव्यशास्त्रातला दोष. अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त दोषांची मोठी यादी दिलीय, त्यात तो आहे. अर्थ असा की अडाणी लोकांच्याच तोंडी असलेला शब्द. आणि त्यानं उदाहरण कुठलं दिलंय? ‘कटि’! म्हणजे कंबर. आज मराठीत ‘कटि’ म्हटलं की पंडित बोलल्यासारखं वाटतं, आणि आपली आई म्हणते कंबर. म्हणजे खोट शब्दात नव्हतीच. बोलणारा कोण, यावर ती ठरत होती.

पुढं तर गंमतच आहे. हाच मम्मट म्हणतो, नीच पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द आला तर तो गुण. ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताला वधस्तंभाकडं नेणारे चांडाळ आहेतच की, आपल्या प्राकृतात बोलणारे. पात्र म्हणून आपल्याला जागा आहे. कवी म्हणून उभं राहिलो की दोष लागतो!

आता ‘बीभत्स’. भरताच्या आठ रसांपैकी हा एक, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. अशा कवितेवर बीभत्स रसाची चिठ्ठी चिकटवली की समीक्षकाचं काम झालं. पण किळस कुणाला येते? लांब उभा राहून नाकाला धोतराचा सोगा लावणाऱ्याला. मेलेलं ढोर फाडणाऱ्याला नाही येत. त्याला हात चालवायचा असतो, अंधार पडायच्या आत वाटे करायचे असतात, घरी पोरं वाट बघत असतात. हा कुठला रस? नाट्यशास्त्रात त्याला नाव नाही.

सगळ्यात अवघड शब्द ‘साधारणीकरण’. भट्टनायकानं मांडला, अभिनवगुप्तानं पुढं नेला. नाटकातलं दुःख अमक्या माणसाचं राहत नाही, ते सर्वसाधारण होतं, म्हणून प्रेक्षक त्याचा आस्वाद घेऊ शकतो. विचार खोल आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण आपली भूक कुणाचीच राहिली नाही, तर जाब कुणाला विचारणार? दलित कविता नेमकं इथंच अडून बसते. ती म्हणते, हे दुःख माझं, या गावातलं, त्या विहिरीवरचं. आस्वाद नंतर घ्या.

नावं आपणही ठेवू शकतो. जोतीरावांनी अभंगाच्या वळणाची रचना केली, तिला ‘अखंड’ म्हटलं. रचना ओळखीची, नाव त्यांचं.

जाता जाता घरचं भांडण. ‘रूपक’ म्हणजे दोन वस्तू एकच आहेत असं मांडणं. बाबासाहेबांना पहिल्यांदा ज्यानं सूर्य म्हटलं त्याचं ते रूपक होतं. आता दर जयंतीला पन्नास सूर्य उगवतात, शंभर मशाली पेटतात न् उजेड काही पडत नाही. मुक्तछंदाचंही तेच. ओळी कुठंही तोडल्या की मुक्तछंद होत नाही, त्याला बोलण्याची लय लागते. वामनदादा कर्डकांचं गाणं वस्तीत तोंडपाठ होतं ते लयीमुळं. आपल्या किती कविता त्या वस्तीत कुणाला पाठ आहेत?

ती जुनी कविता परवा सापडली. ‘भूमी’ खोडून पुन्हा ‘हाडकी’ लिहिलंय. बाकीच्या ओळी अजून ढिल्याच आहेत.